पत्रा सगळ्यात शेवटी वाचायचा : अठराव्या लुईच्या 'बक्षिसी' बंदुका ओळखताना

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी इथे थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळच्या सांगलीच्या, लग्नानंतर फ्रान्सात नांतला राहता. आजेसासूबाईंचं वाँदे भागातलं जुनं घर आवरताना माळ्यावर ठासणीची एक लांब बंदूक सापडली. कुंद्याच्या (खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाच्या) उजव्या अंगाला चांदीचा लंबगोल पत्रा आहे. त्यावर एक नाव आहे आणि 'राजाने दिली' अशा अर्थाचे फ्रेंच शब्द कोरलेत. पूर्वजाला ही बंदूक अठराव्या लुई राजाने निष्ठेबद्दल दिली आणि १८३२ साली धाडी पडल्या तेव्हा ती धुराड्यात लपवली, असं घरात सांगतात. हे खरं का, विकली तर काय येईल, आणि तोवर पितळ घासून चकचकीत करावं का, असे तुमचे तीन प्रश्न.

तिसऱ्याचं उत्तर आधी. घासू नका. चिंच नको, पितांबरी नको, पॉलिश नको. का ते पुढे येईलच.

पण त्याच्याही आधी एक काम आहे, ते तुम्ही विचारलेलं नाही. बंदूक भरलेली आहे का ते बघा. ठासणीच्या बंदुका घरात भरून ठेवायची पद्धत होती आणि काळी दारू कोरडी राहिली तर दोनशे वर्षांनीही पेटते. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या काही बंदुका भरलेल्या निघाल्या आहेत, त्यातली एक तर शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकाला वापरून आलेली होती. पद्धत सोपी आहे. एक सरळ लाकडी काठी नळीत तळाला टेकेपर्यंत अलगद सोडा, नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करा, मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरा. आतलं टोक काना जिथे आहे, म्हणजे रंजक जिथून आत पेटते त्या भोकापर्यंत, पोचायला हवं. दोन-चार सेंटीमीटर कमी पडलं तर आत काहीतरी बसलेलं आहे. तसं असेल तर घोडा ओढू नका, चापाला हात लावू नका, तोंड कुणाकडे करू नका आणि गावातल्या बंदूक-कारागिराला बोलवा. काठी लाकडाचीच घ्या, लोखंडी सळई नाही.

आता मूळ गोष्ट.

वाँदे. मराठी कानाला हे 'वांधे' असं ऐकू येतं, आणि वांधे तिथे झालेही भरपूर. फेब्रुवारी १७९३ मध्ये पॅरिसच्या क्रांती सरकारने तीन लाख माणसांची सैन्यभरती फर्मावली. पाद्र्यांवर लादलेल्या शपथेवरून हा भाग आधीच धुमसत होता, त्यात ही भरती आली आणि मार्चमध्ये भडका उडाला. पहिल्या पुढाऱ्यांपैकी कातलिनो हा फेरीवाला होता, शारेत नौदलातला माजी अधिकारी. शेतकऱ्यांनी सुरुवातीला दांड्याला सरळ बसवलेली विळ्याची पाती घेऊन लढाया केल्या आणि बंदुका सरकारी 'निळ्यां'कडून हिसकावल्या. छातीवर येशूच्या पवित्र हृदयाचं कापडी चिन्ह, त्यावर 'देव आणि राजा'. कातलिनो १७९३ मध्येच जखमांनी गेला. शारेतला मार्च १७९६ मध्ये तुमच्याच नांतमध्ये गोळ्या घातल्या. अधल्यामधल्या काळात गावंच्या गावं जाळली गेली.

ज्या राजासाठी हे सगळं केलं, तो अठरावा लुई गादीवर आला १८१४ मध्ये. वर्ष होतंय न होतंय तोच नेपोलियन परतला, राजा बेल्जियमला पळाला आणि वाँदे पुन्हा उठला. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ ची, शोले गावात वाँदेवाल्यांचा तह झाला तो २६ जूनला. राजा परत आला तेव्हा तिजोरीत खडखडाट होता, कारण विजेत्या राष्ट्रांना ७० कोटी फ्रँक भरपाई द्यायची होती. आणि दारात जुनी निष्ठावंत माणसं उभी, त्यांत विधवा आणि लुळेपांगळेही होते.

मग द्यायचं काय? वरच्या लोकांसाठी सोय होती. सेंट लुईचा क्रॉस १६९३ पासून चालत आलेला, पण तो अधिकाऱ्यांसाठी. (आपल्याकडे महादजी शिंद्यांच्या पलटणी उभ्या करून गेलेला द बॉयन तेव्हा म्हातारपणी शांबेरीत राहत होता. त्यालासुद्धा अठराव्या लुईने मानाचा हुद्दा आणि हा क्रॉस दिला. राज्यक्रांतीच्या लढायांत तो राजासाठी कुठेच नव्हता, ही गोष्ट वेगळी.) शेतकऱ्याच्या छातीवर हा क्रॉस बसत नव्हता. त्याला थोडी पेन्शन मिळे, कृतज्ञतेचं पत्र मिळे, आणि काहींना मिळाली तलवार किंवा बंदूक.

यातली गंमत मला नेहमी अडखळवते. क्रांतीपूर्वी शिकारीचा हक्क सरदार-जमीनदारांचा होता, तो ऑगस्ट १७८९ मध्ये क्रांतीने मोडला. म्हणजे साध्या कुणब्याला राजरोस बंदूक खांद्यावर टाकता आली ती ज्या क्रांतीमुळे, तिच्याविरुद्ध लढल्याचं बक्षीस म्हणून राजा त्याला बंदूक देतोय.

शिवाय ही कल्पना राजाची स्वतःची नव्हती. डिसेंबर १७९९ मध्ये बोनापार्टने पराक्रमी शिपायांना 'मानाची शस्त्रं' द्यायची योजना काढली होती. पायदळाला चांदीच्या साजाची बंदूक, घोडदळाला आखूड बंदूक, ढोलवाल्याला मानाच्या टिपऱ्या, तुतारीवाल्याला चांदीची तुतारी. सोबत पगारात वाढ. पत्र्यावर शिपायाचं नाव आणि पराक्रम कोरलेला. व्हर्सायच्या कारखान्यात बुते नावाच्या कारागिराच्या देखरेखीखाली झालेलं हे काम फार सुंदर आहे. १८०२ मध्ये लेजियाँ दॉनर या सन्मानाची स्थापना झाली आणि ही पद्धत थांबली. परत आलेल्या बुर्बाँ घराण्यातल्या राजाने, म्हणजे अठराव्या लुईने, लेजियाँ दॉनर मोडलं नाही, फक्त त्यावरचा नेपोलियन काढून चौथा हेन्री बसवला. शस्त्रांचंही तसंच झालं. पद्धत शत्रूची, शिक्का आपला. फरक एवढाच की बोनापार्ट 'काय केलंस' ते कोरत होता आणि राजाला 'कुणाचा राहिलास' ते महत्त्वाचं होतं. पराक्रमाला तारीख आणि लढाई असते, म्हणून बोनापार्टची शस्त्रं पडताळायला सोपी. निष्ठेला काय असतं? म्हणूनच राजाच्या बक्षिसांत नकलांना भरपूर वाव राहिला.

आणि म्हणूनच माझा नियम असा की पत्रा शेवटी वाचायचा. आधी लोखंड, मग लाकूड, मग पितळ, मग कागद, आणि सगळ्यात शेवटी अक्षरं. अक्षरं कोरायला एक दुपार पुरते.

हा नियम मी फुकट शिकले नाही. या कामात पडून तीन-चार वर्षं झाली असतील, एका लिलावासाठी अशीच एक बंदूक तपासायला आली. पत्र्यावरचं कोरीवकाम इतकं देखणं की मी त्यावरच भाळले आणि अहवालात 'राजाकडून, १८१६ ते १८२०' असं लिहून मोकळी झाले. एका वृद्ध संग्राहकाने भिंग लावून पत्र्याच्या कडेला मोहरीएवढा शिक्का दाखवला. रानडुकराचं डोकं. फ्रान्समध्ये लहान चांदीकामावर हा शिक्का १८३८ पासून सुरू झाला. अठरावा लुई १८२४ मध्ये वारला. मेलेल्या राजाने चौदा वर्षांनी बक्षीस दिलं, असं मी सहीनिशी लिहून दिलं होतं.

तेव्हा हे शिक्के लक्षात ठेवा, तुमच्या कामाचे आहेत. मोठ्या चांदीकामावर १८०९ ते १८१९ या काळात कोंबडा, १८१९ ते १८३८ या काळात दाढीवाल्या म्हाताऱ्याचं डोकं, आणि १८३८ पासून शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा देवी. लहान वस्तूंवर १८३८ पासून पॅरिसमध्ये रानडुक्कर, बाहेरच्या जिल्ह्यांत खेकडा. कोंबडा किंवा म्हातारा दिसला तर आशा ठेवा. मिनर्व्हा, डुक्कर, खेकडा दिसले तर पत्रा राजाच्या हातून आलेला नाही.

आता तुमच्या फोटोंकडे. एकूण लांबी तुम्ही १४२ सेंटीमीटर दिलीत. रंजकदाणी पितळेची, तिरकी. कुंद्याच्या डाव्या अंगाला गाल टेकायला लाकूड खोलगट कोरलेलं. ही १७७७ च्या सरकारी नमुन्याच्या घराण्यातली बंदूक आहे, नळीच्या आतला व्यास १७.५ मिलिमीटरच्या आसपास भरेल. पायदळाची पूर्ण बंदूक साधारण १५२ सेंटीमीटर असते. दहा सेंटीमीटर कमी म्हणजे एकतर ड्रॅगून (घोडेस्वार) आणि व्होल्टिझर (हलक्या पायदळाच्या) शिपायांसाठीचा आखूड प्रकार, नाहीतर शिकारीसाठी कापलेली नळी. कापलेली असेल तर तोंडाजवळचा संगिनीचा खुंटा गेलेला असतो. तुमच्या फोटोत खुंटा जागेवर आहे, पुढचं कडंही मूळ जागी बसलंय. म्हणजे कापलेली नाही. हे चांगलं.

घोड्याच्या पट्टीवर 'मोबज' हे गावाचं नाव आणि 'राजकीय कारखाना' (राजकीय म्हणजे राजाचा, 'रॉयल') अशी अक्षरं आहेत आणि त्यावर तुमचे यजमान खूश आहेत. त्यांना जरा थांबायला सांगा. 'राजकीय' हा शब्द १७९२ पर्यंत सोळाव्या लुईच्या बंदुकांवरही होता, आणि १८१४ पासून १८४८ पर्यंत पुन्हा होता, ज्यात १८३० मध्ये गादीवर आलेल्या लुई-फिलिप राजाची अठरा वर्षं येतात. मधल्या काळात 'राष्ट्रीय' आणि 'शाही' (म्हणजे सम्राटाचा). तेव्हा त्या एका शब्दाने राजा ठरत नाही. नळीच्या बुडाशी डाव्या बाजूला आणि लाकडाखाली दडलेल्या भागावर निरीक्षकांचे छोटे ठसे असतात, ते बघायला नळी उतरवावी लागेल. ते घरी करू नका. जुने खिळे आणि पेच एकेका बंदुकीला हाताने घडवलेले असतात, खाच तुटली की गेलं.

मला सगळ्यात बोलका वाटला तो फोटो तुम्ही 'खराब झालाय' म्हणून शेवटी टाकलात. चापाभोवतीच्या पितळी कडीवर एक जागा कानशीने घासून सपाट केलेली दिसते, कडेला तीन पाकळ्यांचा भास राहिलाय. जुलै १८३० मध्ये अठराव्या लुईनंतर राजा झालेल्या दहाव्या शार्लची गादी गेली आणि १८३१ मध्ये सरकारी चिन्हांतून लिलीचं फूल, म्हणजे बुर्बाँ राजांचं चिन्ह, हटवलं गेलं. त्यानंतर लोकांनी आपापल्या वस्तूंवरची फुलं घासून टाकली, काहींनी भीतीने, काहींनी उत्साहाने. बनावट करणारा माणूस फूल चढवतो, उतरवत नाही. ती घासलेली जागा तुमच्या बाजूची साक्षीदार आहे, आणि तुम्ही पॉलिश फिरवलं असतं तर ती पाकळ्यांची कड पुसली गेली असती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे असं.

पेटण्याची यंत्रणा अजून चकमकीचीच आहे, हेही चांगलं. १८४० नंतर सरकारी कोठारांतल्या बंदुका मोठ्या संख्येने चकमकीऐवजी स्फोटक भरलेल्या छोट्या धातूच्या टोपीवर पेटणाऱ्या केल्या गेल्या. 'राजाचं बक्षीस' म्हणून विकायला आलेल्या बंदुकीवर त्या सरकारी बदलाचे ठसे असतील तर सरळ विचारायचं : तोवर ही शेतकऱ्याच्या घरी होती, तर सरकारी कोठारात काय करत होती? गावातल्या लोहाराने शिकारीसाठी केलेला बदल मात्र मी दोष मानत नाही. वापरातल्या वस्तूला माणसं हात लावणारच. त्याचप्रमाणे नळीवर लंबगोलात इ-एल-जी ही तीन अक्षरं दिसली तर ती बेल्जियममधल्या लिएजची, १८१० नंतरची. वर मुकुट असेल तर १८९३ नंतरची. लिएजने जगाला हव्या तशा बंदुका पुरवल्या, फ्रेंच धाटणीच्याही. तुमच्या फोटोंत ती नाहीत.

अडचण आहे ती पत्र्याची. कुंद्याच्या उजव्या अंगाला कारखान्याचा गोल शिक्का दाबलेला असतो, स्वीकारल्याची खूण म्हणून. तुमच्या बंदुकीवर त्या वर्तुळाचा निम्मा भाग दिसतो आणि उरलेल्या निम्म्यावर चांदीचा पत्रा चढलाय. राजाच्या हुकमाने काम करणारा कारागीर आपल्याच निरीक्षकाच्या शिक्क्यावर पत्रा ठोकेल, हे मला पटत नाही. त्याच्याकडे अख्खा कुंदा मोकळा होता. शिवाय पत्र्याच्या कडेला लाकूड जिथे कोरलंय तिथला रंग बाकी कुंद्यापेक्षा उजळ वाटतो, म्हणजे ते अक्रोडाचं लाकूड बऱ्याच उशिरा उघडं पडलं. फोटोवरून एवढंच. शिक्का दिसत नाही, म्हणून उजेड तिरका पाडून पत्र्याच्या चारही कडांचे जवळून फोटो पाठवा. माझा अंदाज मिनर्व्हा किंवा खेकड्याचा आहे.

तसं निघालं तर बंदूक बनावट ठरते का? इथे माझं आणि विक्रेत्यांचं जमत नाही. त्यांच्या लेखी पत्रा खोटा म्हणजे सगळं खोटं. मी वाँदे भागातल्या अशा काही वस्तू पाहिल्यात जिथे म्हातारा वारल्यावर मुलानातवंडांनी आठवण म्हणून नंतर पत्रा बसवला. बापाला बंदूक मिळाल्याचं त्यांना ठाऊक होतं, बंदुकीवर मात्र काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून जवळच्या सोनाराकडून लिहून घेतलं. फसवायचा हेतू नाही, विकायचा तर नाहीच. अशा पत्र्याला मी उशिराचा म्हणते, खोटा म्हणत नाही. तुमच्या बाबतीत घासलेलं फूल आणि न कापलेली नळी बघता हीच शक्यता मला जास्त वाटते.

याच्या उलट एक प्रकार बाजारात सर्रास दिसतो, तो सांगून ठेवते. लिलीची फुलं जागच्या जागी असलेल्या पितळी साजाच्या देखण्या आखूड बंदुका 'राजाने दिलेल्या' म्हणून विकतात. त्यातल्या बऱ्याच राजाच्या अंगरक्षक दलाच्या, १८१४ किंवा १८१६ च्या नमुन्याच्या असतात. त्या बक्षीस नव्हेत, नोकरीचं हत्यार. हे दल दहाव्या शार्लला ऑगस्ट १८३० मध्ये शेरबुर्गच्या बंदरावर जहाजापर्यंत पोचवायला गेलं होतं, त्यामुळे निष्ठेची गोष्ट त्यांच्याकडेही आहे, पण ती वेगळी.

धुराड्याबद्दल. १८३२ मध्ये बेरीची डचेस, म्हणजे दहाव्या शार्लची सून, वाँदेमध्ये उठाव करायला आली, तो फसला आणि नोव्हेंबरमध्ये ती नांतमध्ये सापडली ती एका घरात शेकोटीच्या पाठीमागच्या पोकळीत लपलेली. शिपायांनी शेकोटी पेटवली म्हणून तिला बाहेर यावं लागलं. तेव्हापासून त्या भागातली प्रत्येक लपवलेली वस्तू धुराड्यातच लपवलेली असते! धुराड्यात राहिलेल्या लाकडाला भेगा पडतात, काजळी रंध्रांत जाते, ती सहजी निघत नाही. तुमचा कुंदा ठणठणीत आहे. माळा किंवा गवताची गंजी म्हणा, मी लगेच मान डोलावीन.

आता कागद, कारण आपल्या भाषेत सांगायचं तर सनदेवाचून वतन नाही. पत्र्यावरचं नाव घेऊन ला रोश-स्युर-योंच्या जिल्हा अभिलेखागारात जा. वाँदेच्या जुन्या लढवय्यांनी राजाकडे केलेले पेन्शनचे अर्ज बघायला मिळतात, बरंचसं घरबसल्या पडद्यावरही. मूळ लष्करी कागद व्हँसेनच्या किल्ल्यात. अर्जात माणूस कुठल्या गावचा, कुठल्या सरदाराच्या हाताखाली होता, कुठे जखमी झाला हे असतं आणि बाकीच्यांच्या साक्षी असतात. नाव जुळलं तर गावही जुळवा, कारण त्या भागात नावं फार सारखी.

घरातच एखादं 'राजाचं पत्र' निघालं तर दोन गोष्टी बघा. अठरावा लुई आपली कारकीर्द १८१४ पासून मोजत नसे, पुतण्या मेला त्या १७९५ पासून मोजे. १८१४ च्या सनदेवर, म्हणजे राज्यघटनेवर, त्याने 'आमच्या राजवटीचं एकोणिसावं वर्ष' असं लिहिलंय. तेव्हा १८१६ च्या कागदावर 'राजवटीचं दुसरं वर्ष' दिसलं तर कागद बाजूला ठेवा. दुसरं म्हणजे गावाचं नाव. ला रोश-स्युर-यों हे नेपोलियनने वसवलेलं शहर, नावही त्याचंच होतं. राजा आल्यावर ते बुर्बाँ-वाँदे झालं. १८१७ च्या सरकारी पत्राच्या माथ्यावर आजचं नाव असेल तर ते पत्र आजच्याच बाजूचं. आणि 'फ्रान्स आणि नाव्हारचा राजा' ऐवजी 'फ्रेंचांचा राजा' असं लिहिलेलं असेल तर तो लुई-फिलिप, १८३० नंतरचा, आणि वाँदेच्या निष्ठावंतांना तो काही द्यायला बसला नव्हता.

किमतीचा आकडा मी फोटोवरून देत नाही. एवढं सांगते की पत्रा वगळून ही चांगल्या अवस्थेतली, चकमक शाबूत असलेली, संग्राहकांना हवीशी सरकारी बंदूक आहे आणि त्याप्रमाणे भाव येईल. अभिलेखागारातून नाव-गाव जुळणारा अर्ज हाती आला तर भाव कितीतरी वर जाईल, पत्रा उशिराचा असला तरी. म्हणून कागद शोधायच्या आधी विकू नका. आणि पत्रा काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

फ्रान्समध्ये १९०० पूर्वीच्या नमुन्याचं असं हत्यार प्रौढ माणसाला बाळगता येतं, त्याची काळजी नको. सांगलीला माहेरी नेऊन दाखवायचा विचार असेल तर मात्र सामानात टाकून विमानतळावर जाऊ नका. भारतात हत्यार आणायचं तर आधी तिथल्या परवान्याची चौकशी, दोन्ही देशांची कागदपत्रं, मग तिकीट.

तोवर बंदूक आडवी ठेवा, भिंतीला टेकवून उभी नको. तापकापासून लांब, कोरड्या सुती कापडावर. हाताळताना हातमोजे घाला, घामाने लोखंडावर बोटांचे ठसे उठतात. जवसाचं तेल, नारळाचं तेल काही चोळू नका. तांबूस गंज दिसतोय तो बहुतेक थांबलेला आहे. बोटाला पूड लागली तर कळवा.

काठीचं माप आधी पाठवा. पत्र्याच्या कडांचे फोटो त्यानंतर.